जामिनाचं भरीत

नवल भरीत पार्टीला नोटरी घेऊन आला होता. लाज नावाची चीज या माणसाने कधी पाहिली असेल, तर कुणीतरी येऊन सांगावं.

धुळ्याच्या अलीकडे, महामार्गालगतच्या त्याच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती आणि कडुनिंबाखाली टेबल टाकून नोटरी धडाधड शिक्के मारत होता. गावातले पुरुष ओळीने उभे. याच शेतात, अशीच वांगी खाऊ घालून नवलने त्यांना मोबाईलवरची नाणी घ्यायला लावली होती. "सरकार यावर तीस टक्के कर घेतं, म्हणजे कायदेशीरच की!" एवढ्या एका वाक्यावर हे शहाणे भाळले. कर तर सरकार दारूवरही घेतं, म्हणून कुणी बाटली बँकेत ठेवतं का? पण विचारायचं कोणी! तोंडात भरीत होतं.

आता त्या क्रिप्टो नाण्यांचा बाजार चालवणारं एक्स्चेंज बुडालं, मालक दुबईला पळाले, आणि बुडालेल्यांच्या न्याय संघर्ष समितीचा अध्यक्ष कोण, तर नवल! उद्या धुळ्याच्या कोर्टात त्याच्या अटकपूर्व जामिनाची सुनावणी. म्हणून ही प्रतिज्ञापत्रं. सगळ्यांवर मजकूर एकच: नवलभाऊ आमच्यासारखेच फसले, आमची त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. सही ठोकायची आणि पंगतीत बसायचं.

ज्योत्स्नाने नवऱ्याला पंगतीतच गाठलं. ईश्वरने अजून सही केली नव्हती. "जेवण झाल्यावर करतो," म्हणाला होता. तेवढंच काय ते त्याचं बंड.

"उठा," ती म्हणाली. "मी आत्ता पोलिसांकडूनच येतेय. एकाने जरी नवलचं नाव घेऊन जबाब दिला, तरी सरकारी वकील उद्या जामिनाला विरोध करतील. साहेब थांबलेत."

"हळू बोल. लोक बघताहेत."

"बघू देत. आईने दिलेला माझा पिंपळनेरचा प्लॉट गेला, तेव्हा कुठे होते हे लोक?"

शेजारी बसलेल्या सुकदेव आबांनी मान वर केली. "बाई, नवल जेलमा गया ते आमना पैसा कोन देई?"

"आबा, तो आते बाहेरच शे ना? दिन्हा का त्यानी?"

आबांनी विचार केल्यासारखं केलं आणि आणखी भरीत मागितलं.

हातात वाढायचा डाव घेऊन नवल स्वतः आला. पांढरा शर्ट, तोंडावर हसू, आवाजात साखर. "वहिनी, तुम्हीच रागावलात तर आम्ही कुणाकडे बघायचं? आधी दोन घास खा. आणि खातं तर ईश्वरभाऊंच्या नावावर आहे. कायद्याने फसले ते भाऊ. साहेब तुमचा जबाब कशाला घेतील?"

पंगत हसली. ज्यांचं सगळं गेलं होतं ते जास्तच हसले. आणि ईश्वरही हसला. बारीकसा, घास सांभाळत, पण हसला.

ज्योत्स्नाने ते हसू पाहिलं. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"बरोबर आहे नवलभाऊंचं," ती म्हणाली. "खातं यांचं. माझ्या नावावर फक्त प्लॉट होता. तो मला फसवून विकायला लावला यांनी. म्हणजे माझी फिर्याद यांच्यावर."

"माझ्यावर?" ईश्वरचा घास तोंडातच राहिला.

"तुमच्यावर. माझे पैसे घेऊन पुढे कुणाला दिले, ते साहेबांना तुम्ही सांगा. नाहीतर नका सांगू. जामीन लागेलच तुम्हाला, तो नवलभाऊ भरतील."

एवढं बोलून ती बांधावर थांबवलेल्या रिक्षाकडे निघाली. मागे वळूनही पाहिलं नाही.

ईश्वर पत्रावळ ओलांडून धावला. "अगं थांब! मी काय खाल्लं त्यातलं? या नवलने नेले! याच्याच हातात दिले मी, याच शेतात! लिहून देतो, कुठे लिहायचं बोल!" बायकोच्या प्लॉटसाठी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, त्याला स्वतःवर आल्याबरोबर केवढा कंठ फुटला! महामार्गापर्यंत ऐकू गेला असेल. नोटरीने घाईघाईने शिक्का पिशवीत टाकला. नवल हसतच होता, पण डावातलं भरीत आबांच्या खांद्यावर सांडतंय याचं त्याला भान नव्हतं.

पंगतीतला एकेक नवरा मात्र आता नवलकडे बघतच नव्हता. सगळे चुलींकडे बघत होते. तिथे त्यांच्या बायका सकाळपासून भाकरी थापत होत्या. त्या नाण्यांपायी कुणाची पोत गेली होती, कुणाच्या पाटल्या, कुणाच्या माहेरची म्हैस. त्यांना सही करायला कुणी बोलावलं नव्हतं.

थापण्याचा आवाज थांबला. सुकदेव आबांची बायको ताईबाई उठली, हातांवरचं पीठ झटकलं आणि बांधाकडे तोंड करून तिने हाक मारली.

"ज्योत्स्ना, रिक्षामा आमले जागा शे का?"