हातची शिवण

"बाही फाडू नका!" स्ट्रेचरवरून मास्तर ओरडले. "शिवणीवर उसवा, सिस्टर. मुंढ्यापाशी, बाहीच्या जोडाला टाका सापडेल."

सिस्टरची कात्री क्षणभर थबकली. मग तिनं हसू दाबलं आणि मनगटापासून खांद्यापर्यंत बाही सरळ कापून काढली. सलाइन लावायला हात मोकळा हवा होता. मास्तरांनी घट्ट डोळे मिटून घेतले.

भिंतीशी उभ्या असलेल्या मास्तरांच्या बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या शिंपीकामाच्या दुकानासमोरच टेम्पोनं उडवलेला माणूस. बाहेर रक्ताचा टिपूस नाही, पण पोट दगडासारखं घट्ट झालेलं, आणि ह्याला पडलीय बाहीची! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते उगाच नाही. कुणाच्या लग्नाला गेलं तरी हा गृहस्थ नवरदेवाचं तोंड न बघता त्याच्या कोटाची पाठ बघत बसायचा.

"अहो, गप्प पडा की जरा. त्यांना त्यांचं काम करू द्या."

"काम नीट करत असते तर कशाला बोललो असतो?" मास्तर म्हणाले. "माझ्या हातचा शर्ट आहे तो."

"बोलतायत ते बरंच आहे," त्यांचं पोट दाबून बघत डॉक्टर म्हणाले. "बोलू द्या." पण त्यांचा चेहरा काही हसरा नव्हता. आत रक्तस्राव होतोय, लगेच ऑपरेशन करायला हवं, असं सांगून त्यांनी थिएटरला फोन लावला. टेबलावर आधीचा पेशंट होता. थांबावं लागणार होतं.

थांबायचं म्हणजे किती, हे विचारायचं बायकोला धाडस होईना.

तेवढ्यात सिस्टर शर्टाकडे वळली. "बटणं मी काढते ना," म्हणत बायको पुढं झाली. पहिलं बटण तिनं काढलंही, पण दुसरं काही केल्या सुटेना. सिस्टरनं तिला हळूच बाजूला केलं, शर्टाच्या दोन्ही कडा धरल्या आणि एकदम ओढल्या. बटणं तडातडा उडाली.

"काजं गेली," मास्तर पुटपुटले. आवाज खोल गेला होता. "हातानं केली होती."

"नवी करा. घरी गेल्यावर रात्रभर मशीन बडवत बसा, मी चकार शब्द काढणार नाही." एरवी मशीनच्या खडखडाटावरून हीच बाई रोज घर डोक्यावर घ्यायची.

मास्तर किंचित हसल्यासारखे वाटले. खरंच हसले की ओठ नुसते हलले, कुणास ठाऊक. सलाइनची दुसरी बाटली लागली. डॉक्टरांनी पुन्हा फोन केला, ह्या वेळी जरा चढ्या आवाजात, आणि ठेवून दिला. जो तो काही ना काही करत होता. तिलाच तेवढं करण्यासारखं काही नव्हतं. तिनं मास्तरांचा पाय धरला. तो गार पडला होता.

मग सिस्टरनं पँटला कात्री लावली. कापड जाड, कात्री अडली. तिनं काप दिला आणि दोन्ही हातांनी ओढलं. टर्रकन आवाज झाला. शिवण राहिली बाजूला, कापड तिरपं फाटत थेट खिशापर्यंत गेलं.

बायकोनं चटकन मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे अर्धवट उघडे होते. ओठ पांढरे पडले होते. मास्तर काहीच बोलले नाहीत.

ती खाली वाकली. तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"अहो, तिरपं फाडतायत बघा."

सिस्टरचे हात थांबले. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"खिसासुद्धा फाडला हो," बायको म्हणाली. "सगळं कापड वाया चाललंय. ओरडा ना त्यांच्यावर."