नत्थूचा हात

"ऐक, ऐक तुझे पराक्रम!" मधुकरराव नत्थूवर ओरडले आणि खुर्चीतून अर्धे उठलेच.

नागपूरला हुडकेश्वरच्या घरातली वरची खोली. नात भैरवी आजोबांची जुनी टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेत होती. स्पीकरमधून १९६८ सालची चार पोरं वाजत होती: तीन गिटार, एक ड्रम, इंग्रजी गाणं आणि उसना रुबाब. ग्रुपचं नाव 'वर्धा रोड फोर'. चौघांतले दोघं गेले. उरलेले दोघं सत्तावन्न वर्षांनी समोरासमोर बसले होते, तेही भैरवीने नत्थूला परस्पर फोन केला म्हणून.

गाणं संपत आलं तशी लय पळू लागली. शेवटचं कडवं तर घोड्यावरच बसलं.

"पाहा! हीच टेप ऐकून मुंबईच्या स्पर्धावाल्यांनी काय उगाच लिहिलं होतं? 'ड्रमर पळतो.' दोन शब्दांत बाहेर काढलं! देशभर नाव झालं असतं आपलं. तुह्या हातानं बुडवलं, नत्थू!"

नत्थू मान खाली घालून बसला होता. ते पत्र आलं त्या दिवशी मधुकररावांनी त्याच्या काड्या गुडघ्यावर मोडल्या होत्या आणि त्याला ग्रुपमधून हाकललं होतं. महिनाभरात ग्रुपही बसला. नत्थूने पुढे ड्रम म्हणून पाहिला नाही. कळमन्याच्या बाजारात पोती शिवत जन्म काढला. रस्त्यात वरात दिसली की हा गल्ली बदलायचा. खरं तर राग त्यालाही यायला हवा होता. पण आपलीच चूक मानून बसलेल्या माणसाला रागावायचीही चोरी असते.

भैरवीने गाणं पुन्हा लावलं. स्वतःची गिटार घेऊन ती सोबत वाजवू लागली आणि मध्येच थांबली.

"आबा, ड्रमर पळाला तर लय वाढेल. सूर कशाला चढेल? इथे तुमची गिटार चढलीय, गळाही चढलाय. सगळंच एकदम. रेकॉर्डिंग करताना मशीनच मंद पडत गेली असणार. म्हणून टेप नीट वेगात लावली की शेवट पळतो."

नत्थूने मान वर केली.

"त्या दिवशी लाइन गेली होती," नत्थू हळूच म्हणाला. "सेलवर चालवली होती मशीन."

"सेल कुणी टाकले?" भैरवीने विचारलं.

मधुकररावांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "मीच. टॉर्चमधले. टॉर्च तर चांगला पेटून राहिला होता. मग नवे काहून आणायचे..."

"टॉर्च मरत्या सेलवरही पेटतो, आबा. मोटर नाही फिरत."

नत्थू उठला. मधुकररावांनी त्याचा दंड धरला. "नत्थू, बस ना गा. चुकलं माझं."

"हात नको लावू मले!" नत्थूने दंड सोडवून घेतला. "माहा पोरगा ताटावर ठेका धरे. मी त्याच्या बोटावर फटके मारले. म्हटलं, आपल्या रक्तातच ताल नाही. पन्नाशीचा झाला तो आता, मधुकर. अजून टाळी वाजवाले भिते."