गूळ-पाणी

प्रवासी नेणाऱ्या कंपनीनं जेवणही पोहोचवायला घेतलं आणि बहिरूच्या दुचाकीवर माणसांऐवजी पार्सलं आली. पूर्वी मागं बसलेली माणसं देवळाली कॅम्प येईपर्यंत घरचं सगळं सांगायची. आता बेल वाजवायची, पार्सल द्यायचं, की दार बंद. पाणी हवं का, एवढंही कुणी विचारत नाही. बायको गेल्यापासून त्याच्या स्वतःच्या दाराची बेलही वाजली नव्हती. रविवारी सकाळी त्यानं त्याच कंपनीच्या ॲपवरून मिसळ मागवली. आणणाऱ्यासाठी वाटीत गूळ काढला, तांब्या भरला, खुर्ची पुसली. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. ड्युटी बंद करायची राहिली होती. त्याचीच ऑर्डर त्यालाच आली होती. “एकच प्लेट?” हॉटेलवाल्यानं विचारलं. “हो, एकटाच राहतो माणूस.” घरी परतल्यावर तो बंद दारासमोर उभा राहिला. त्यानं बेल दाबली. मग कुलूप काढत म्हणाला, “या, आधी पाणी घ्या.”