काचवाल्याची प्रार्थना

काचवाल्याच्या बायकोनं हात जोडले, डोळे मिटले आणि रोजच्यासारखी प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात नवऱ्याची बोटं तिच्या मनगटाला लागली.

"आज मी," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. समोर बसलेल्या दोघी मुलींनीही उघडले. टेबलावर सूपचं पातेलं वाफाळत होतं, पाव कापून ठेवला होता. आज सुट्टीचा दिवस आहे, तुम्ही स्वस्थ बसा, मी करते की, असं ती हळूच म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली.

सगळा त्या सिनेमाचा प्रताप होता. दुपारी चौघं चर्चच्या हॉलमध्ये जाऊन तो बघून आली होती. त्यातला बाप घरात असून नसल्यासारखा असतो. शेवटी ताळ्यावर येतो, बायकापोरांना टेबलाशी जमवतो आणि भारदस्त आवाजात अशी प्रार्थना करतो की हॉलमधल्या निम्म्या बायकांचे रुमाल बाहेर आले. दिवे लागल्यावर पाळकसाहेब म्हणाले, बापांनो, तुमच्या घरच्यांच्या पुढे तुम्ही चाला, आणि सुरुवात आजच्याच जेवणापासून करा. सगळ्या बापांनी माना डोलावल्या. तिनं चोरून नवऱ्याकडे पाहिलं, तर तो नखात अडकलेली, काचा बसवायची लांबी खरवडत बसला होता. बरं झालं, तिला वाटलं, मनावर घेतलं नाही. त्या नटाचं काय जातं, लिहून दिलेलं घडाघडा म्हणायचं.

काच मापात कापण्यात तिच्या नवऱ्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण 'खिडकी' एवढा शब्द उच्चारायचा तर त्याला घाम फुटायचा. 'ख'वरच गाडी अडायची. लग्न झाल्यापासून गिऱ्हाइकांशी, घरमालकाशी, शाळेतल्या बाईंशी तीच बोलत आली होती. घरात तर रीतच पडून गेली होती. त्यानं पहिलं अक्षर काढावं आणि पुढचा शब्द तिघींपैकी कुणीतरी पुरवावा. धाकटी त्यात सगळ्यात चपळ. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट त्याचा त्रास वाचतो, याचंच तिला समाधान होतं.

त्यानं हात जोडले. मानेची शीर ताठ झाली.

"प... प... परमेश्वरा."

थोरलीनं मान खाली घातली. पंधरा वर्षांची पोर, बापाचे हाल तिला बघवत नव्हते. आईचा तर जीव टांगणीला लागला होता.

"ज..." तो म्हणाला. "ज... ज..."

पुढचं सगळ्यांना पाठ होतं. परमेश्वरा, जेवणाबद्दल तुझे आभार. रोज तीच तर म्हणायची. शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. एकदा पुरवला की सुटला बिचारा. धाकटीनं तर तोंड उघडलंसुद्धा. का कोण जाणे, आईनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. धाकटीनं आश्चर्यानं आईकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"ज..." त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. कपाळावर घामाचे थेंब जमले. सूपची वाफ विरळ होत गेली. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि थांबला. तिनं ओठ दाताखाली धरले. इतका वेळ त्याची वाट तिनं आजवर कधी पाहिली नव्हती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

"जि... जिनं," तो म्हणाला.

थोरलीनं मान वर केली.

"जिनं आजवर माझ्या वा... वाट्याचं सगळं बोलून दिलं... आणि कधी एका शब्दानं बो... बोलून दाखवलं नाही... तिच्याबद्दल तुझे आभार."

'जेवणाबद्दल' हा शब्द तिच्या तोंडात तसाच राहिला.

तो थांबला नाही. मुलींबद्दल आभार मानले, दोघींबद्दल वेगवेगळे. थोरली न सांगता दुकानातल्या काचेच्या किरचा झाडून काढते, त्याबद्दल मानले. धाकटीच्या हसण्यावर तो बराच अडला, पण तिथूनही पार झाला. सूपचं नाव शेवटी आलं. तोवर ते पार निवलं होतं आणि कुणाला त्याची फिकीर नव्हती. अर्धं मिनिट लागणाऱ्या प्रार्थनेला चांगली पाच-सात मिनिटं लागली असतील. मधे कुणी एक अक्षर पुरवलं नाही.

"आमेन," तो म्हणाला. तो शब्द मात्र सरळ आला.

"आमेन," थोरली म्हणाली. "आमेन," धाकटीनं जोरात म्हटलं आणि पावाकडे हात नेला. मग तो मागे घेतला.

"आई, तू नाही म्हणालीस."

आईनं मान डोलावली. म्हणायला तोंड उघडलं.

"आ..."

पुढचं अक्षर निघेना. तिनं डोळे पुसले, पुन्हा प्रयत्न केला. "आ..."

काचवाल्याला शब्द ठाऊक होता. मुलींनाही होता. तो दोन्ही कोपरं टेबलावर टेकून तिच्याकडे बघत राहिला, आणि घाई नको, अशी त्यानं नुसती मान हलवली.