थोरली की धाकटी

श्यामरावांनी खिशातून टेप काढली आणि दोन्ही शेगड्यांची तोंडं मोजली. मापं सोनबाने आधीच सांगितली होती. पण सांगितलेलं माप वेगळं आणि मोजलेलं माप वेगळं, या तत्त्वावर श्यामरावांनी दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून चौतीस वर्षं काढली होती. फरक निघाला नाही. त्यांची थोडी निराशाच झाली.

लोणी काळभोरला सोलापूर रस्त्यालगत सोनबाची पत्र्याची शेड आहे. फार्महाऊसवाल्यांसाठी तो तिथे घर तापवायच्या लोखंडी शेगड्या बनवतो. आत लाकूड, वर धुराडं. आज दोनच तयार होत्या. कमरेएवढी ती थोरली, गुडघ्याएवढी ती धाकटी. नावं सोनबानेच ठेवलेली. धाकटी त्याने पेटवून दाखवली होती, आणि श्यामरावांच्या पत्नी सुहासिनीबाई तिच्यासमोर एका पालथ्या डब्यावर बसल्या होत्या.

"थोरली," श्यामराव म्हणाले.

"किती खोल्या हायत, साहेब?"

"तीन. खडकीत. दगडी भिंती, चौदा फुटांवर छत. इंग्रजांच्या वेळची चिमणी आहे. तिच्यात आजवर फक्त पारव्यांनी संसार केले."

"आन् बसनार कुठल्या खोलीत?"

"प्रश्न बसण्याचा नाही. तिन्ही खोल्यांत पारा वीसच्या खाली येता कामा नये. एकोणीस डिसेंबरला मुलगा आमोद, सून शेफाली आणि नात तनया येताहेत. कॅनडातून, विनिपेगहून."

"तिकडं लई बर्फ पडतो म्हनं."

"उणे तीस. पण घरात बनियनवर हिंडतात. इथे घरात पंधरा अंश, तर गेल्या वर्षी जाकिटं घालून जेवायला बसले आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलात राहायला गेले. यंदा आमोद उद्याच हॉटेल नक्की करणार आहे. त्याच्या आत मला त्याला शेगडीचा फोटो पाठवायचाय. लोक म्हणतात, आईबाप असताना मुलगा हॉटेलात. यंदा हे होणार नाही. थोरली."

सोनबाने मान खाजवली. "साहेब, मोठी घेऊ नका. आपल्याकडं तिला पोटभर लाकूड कोन घालनार? मग तुम्ही हवा बंद करून बारीक ठेवनार. ती निस्ती धुमसत ऱ्हाती. चिमनीत काजळी धरती. धाकटी कशी, मोकळी पेटती."

"मी गिऱ्हाईक आहे."

"हाय की. म्हनून तर सांगतोय."

"मोठी विकलीस तर फायदा तुझाच."

"फायदा हाय. पन घरात धूर झाला की फोन तुमचाच येनार."

"धाकटीच द्या, सोनबा," सुहासिनीबाई म्हणाल्या. नजर विस्तवावरच होती.

"सुहास, हिने एक खोली तापेल. फार तर दीड. पुन्हा जातील ते."

"अहो, ते थंडीने गेले नव्हते."

सोनबाला एकाएकी शेडच्या पलीकडच्या टोकाची पक्कड हवीशी झाली. तो गेला.

"मग कशाने गेले?"

"बॅगा अजून दारात होत्या. तनयाने बूटसुद्धा काढले नव्हते. आणि तुम्ही शेफालीला विचारलंत, किती दिवस मुक्काम?"

"दूधवाल्याला सांगायचं होतं!" श्यामरावांचा आवाज पत्र्यावर आपटून खाली आला. "जादा दूध किती दिवस, हे त्याला आधी नको कळायला? सगळेच विचारतात आपल्याकडे. आमच्या अण्णांनी तुझ्या बाबांनासुद्धा विचारलं होतं."

"हो. आणि बाबा त्याच दुपारच्या गाडीने परत गेले."

श्यामरावांनी टेप ओढली आणि सोडली. ती खटकन आत गेली. त्यांनी पुन्हा ओढली.

"त्यांना काम निघालं होतं," ते म्हणाले.

"पेन्शनीत होते बाबा."

धाकटीतलं एक लाकूड मोडून निखाऱ्यांत पडलं.

"मग मला हे कुणी सांगितलं का नाही?"

"थंडीच्या नावावर भागत होतं. आमोद थंडी म्हणाला, तुम्ही थर्मामीटर आणलात. मी म्हटलं, बरं." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मोठी आणली की जो तो आपापल्या खोलीत दार लावून बसेल. हिच्यापाशी सगळ्यांना एकाच खोलीत यावं लागेल. तुम्हालाही. फक्त तोंड उघडण्याआधी एक लाकूड घाला आत. तेवढा वेळ मिळाला तरी पुष्कळ आहे."

श्यामराव थोरलीकडे बघत उभे राहिले. चांगली होती. रंग एकसारखा, सांधे स्वच्छ, दाराला जाड काच. नापास करावं असं तिच्यात काहीही नव्हतं.

"सोनबा!" त्यांनी हाक मारली. "धाकटी. आणि धुराडं मोजून दे. मी पुन्हा मोजीन."

मग त्यांनी धाकटीचा फोटो काढला. पहिल्यात त्यांचंच बोट आलं, म्हणून दुसरा काढला. तो आमोदला पाठवला. खाली काहीतरी लिहायला घेतलं, दोनदा खोडलं आणि नुसता फोटोच जाऊ दिला. लगेच दुसरा नंबर लावला.

"उत्तरेश्वर? खडकीतून बोलतोय. एकोणीस तारखेपासून रोज दोन लिटर जादा."

पलीकडून उत्तरेश्वरने काहीतरी विचारलं. श्यामरावांनी सुहासिनीबाईंकडे पाहिलं. त्या पदर सावरत गाडीकडे निघाल्या होत्या.

"ते मी त्यांना विचारणार नाही," श्यामराव म्हणाले. "तूही मला विचारू नकोस. तू घालत राहा."