मंदाकाकूंचा हॅशटॅग

जिना चढून दमलेल्या मंदाकाकू दारात दिसल्या, तसा केतकीने हातातला फोन चटकन टेबलावर पालथा ठेवला. आत्ताच तिने स्वतः शिवलेल्या नव्या दुपट्यांचा फोटो टाकला होता, आणि खाली नेहमीसारखा हॅशटॅग: #मंदाकाकूंचीदुपटी.

ही युक्ती तिचीच. बाळंतविडा शिवून घ्यायचा म्हटलं की अख्खं गाव फोनवरही काकूंचंच नाव शोधायचं. शोधणाऱ्यांना आता केतकीचीच दुपटी दिसत आणि ऑर्डरही तिलाच मिळत. काकू कुठे फोन बघायला बसल्यात, असं ती धरून चालली होती.

"नातीने दाखवलं मला," खुर्चीत टेकत काकू म्हणाल्या. "प्रत्येक फोटोखाली माझं नाव लिहितेस म्हणे. हल्ली माझ्याकडे कुणी फिरकत नाही गं. वाटलं, विसरले सगळे. तू मात्र आठवण ठेवलीस."

"काकू, ते... मी चहा टाकते," एवढंच केतकीच्या तोंडून निघालं.

"चहा राहू दे." काकूंनी पिशवीतून आपला फोन काढला. त्यावर त्यांनी शिवलेल्या टोपड्याचा फोटो होता, जरासा हललेला. "मला ते चौकटीचं चिन्ह सापडत नाही बघ. याच्याखाली तुझं नाव लिहून दे. तू माझं घेतेस, मग मी तुझं नको का घ्यायला?"

केतकीने फोन हातात घेतला. चष्मा पुसून काकू कौतुकाने तिच्या बोटांकडे बघत बसल्या. बोटं काही हलेनात.