मालक घरात नाहीत का?

बेल वाजताच दिगंबर ताटावरून उठला आणि बाथरूममध्ये शिरून आतून कडी लावून उभा राहिला.

छापखाना बुडाला, घर लिलावात गेलं, तेव्हापासून चार वर्षं भाड्याच्या खोल्यांत तो वसुलीवाल्यांपासून असाच लपायचा. आता देणं मिटलं होतं. सरकारी सोडतीत लागलेल्या या हक्काच्या घरात येऊन आठवडा झाला होता. पाय मात्र ऐकत नव्हते.

बायकोनं, हेमलतानं, दार उघडलं. शेजारच्या आजी होत्या.

"पाणी आलंय, भरून घ्या. मालक घरात नाहीत का?"

"ते गावाला गेलेत," हेमलताच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

आजी गप्पा मारत ऐसपैस बसल्या. आत दिगंबर घामानं भिजला. इथून त्याला कुणीच काढणार नव्हतं, तरी स्वतःच्याच घरात तो चोरासारखा उभा होता.

शेवटी तो बाहेर आला आणि मोठ्यानं म्हणाला, "आहे, आजी. मी घरातच आहे."